ग्वांगझोला सणासुदीला यायचंय? आधी चंद्र बघा, मग तिकीट काढा

"आम्ही कधी येऊ?" असा देशातून फोन आला की मी आधी विचारते, "घरात कालनिर्णय आहे ना? ते काढ आणि पेन घेऊन बस."

मी मूळची देवरुखची, नवरा इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यातला. २०१३ च्या दिवाळीनंतर आम्ही दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोत आलो. हाइझू भागात, कापडाच्या मोठ्या बाजाराजवळ घर घेतलं. चिनी नवीन वर्ष जवळ आलं तसं सासू-सासऱ्यांना बोलावलं. सगळ्यात मोठा सण, तर नेमक्या त्याच दिवशी उतरवू, असा माझा हिशोब. ३१ जानेवारी २०१४. विमानतळावरून घरी येताना रस्ता मोकळा, गल्लीतली सगळी शटर खाली, भाजीवाली नाही, नूडलवाला नाही, कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा गावी गेलेला. सासरे खिडकीतून बघत म्हणाले, "ही दिवाळी म्हणायची का संचारबंदी?" चार दिवस सासूबाईंनी आणलेलं मेतकूट आणि खिचडी.

चूक तारखेची नव्हती, माझ्या समजुतीची होती. इथला नवीन वर्षाचा सण मुख्य दिवशी घराच्या आत जातो. बाहेर जे काही बघण्यासारखं असतं ते त्याच्या आधी. म्हणून माझा पहिला नियम: सणाच्या तीन-चार दिवस आधी पोहोचा. सणाच्या दिवशी उतरलात तर बंद दारं बघाल.

तारीख काढायची कशी

चिनी महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो आणि पंधरावा दिवस पौर्णिमेचा. आपला महाराष्ट्रातला महिना अमावास्या संपल्यावर प्रतिपदेला सुरू होतो, म्हणजे गणित जवळपास तेच, एखाद्या दिवसाचा काय तो फरक. त्यांचा पहिला महिना बहुतेक वेळा आपला माघ, पाचवा ज्येष्ठ, आठवा भाद्रपद. शरद पौर्णिमेचा त्यांचा सण, म्हणजे आठव्या महिन्याची पंधरावी, बहुतेक वर्षी अनंत चतुर्दशीच्या आसपासच येतो. गणपती पोहोचवले की इथे मूनकेक, म्हणजे त्या सणाची सारण भरलेली मिठाई, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

गोची अधिक महिन्याची. तो त्यांच्याकडेही आहे, एकोणीस वर्षांत सात, आपल्यासारखेच. पण दोघांचा एकाच वेळी येत नाही. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला, आपला अधिक ज्येष्ठ मात्र २०२६ च्या मे-जूनमध्ये. मधल्या काळात सगळं एका महिन्याने सरकलेलं. त्यामुळे ६ ऑक्टोबर २०२५ ला त्यांची शरद पौर्णिमा आणि आपली कोजागरी एकाच रात्री. आम्ही गच्चीवर मसाला दूध आटवलं. खालच्या मजल्यावरच्या आजी मूनकेकचा डबा आणि सोललेला पोमेलो घेऊन वर आल्या, दुधात चंद्र बघायचा म्हटल्यावर वाटी हातात धरून बराच वेळ वाकून बघत बसल्या. प्यायल्या मात्र दोनच घोट. आमच्या दुधातली साखर त्यांना झेपत नाही.

ज्यांना हिशोब नको त्यांच्यासाठी सरळ तारखा: २०२६ ची शरद पौर्णिमा २५ सप्टेंबर. २०२७ मध्ये नवीन वर्ष ६ फेब्रुवारी, ड्रॅगन बोटींचा सण ९ जून, शरद पौर्णिमा १५ सप्टेंबर.

टाळायच्या तारखाही लिहून घ्या. कँटन फेअर, म्हणजे इथलं मोठं व्यापारी प्रदर्शन, १९५७ पासून भरतंय, वर्षातून दोनदा, तीन-तीन टप्प्यांत: १५ एप्रिल ते ५ मे आणि १५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. या काळात हॉटेलांचे दर ऐकून घाम फुटतो. धंद्यासाठी येणारे येतातच, पण सण बघायला येणाऱ्याने इथे पाय ठेवू नये. १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुटीत अख्खा देश फिरायला निघतो. आणि ५ एप्रिलच्या आसपास चिंगमिंग. हा सण आपल्या संक्रांतीसारखा सूर्यावर चालतो, म्हणून तारीख फारशी हलत नाही. त्या दिवशी घरोघरची माणसं भाजलेलं डुकराचं पिल्लू आणि ऊस घेऊन पूर्वजांच्या थडग्यांवर जातात. तो त्यांच्या घरातला मामला आहे, आपण तिथे फोटो काढायला जायचं नसतं.

फुलांचा रस्ता

वर्षातून एकदाच येणं जमणार असेल तर नवीन वर्षाच्या आधीच्या तीन रात्रींसाठी या. शहरभर फुलांचे बाजार भरतात. जुन्या शहरातला शीहू रोडवरचा सगळ्यांत नावाजलेला, मेट्रोचं स्टेशन गोंगयुआनच्येन. तिथे चालत फिरण्याला इथल्या कँटनीज भाषेत 'हांग फा गाय' म्हणतात. हांग म्हणजे चालणं, फा म्हणजे फूल, गाय म्हणजे रस्ता. माझा भाचा पहिल्यांदा आला तेव्हा "मावशी, गाय कुठाय?" म्हणून रस्ताभर विचारत होता.

इथे प्रत्येक झाडाला अर्थ आहे, आणि तो बहुतेक शब्दांच्या कोटीतून आलेला. छोट्या संत्र्यांनी लगडलेली कुंडी प्रत्येक दुकानाच्या दारात दिसेल. त्या फळाच्या नावातला 'गात' हा उच्चार 'शुभ' या शब्दासारखा. पीच फुलाची अख्खी फांदी माणसं खांद्यावर बंदुकीसारखी टाकून मेट्रोतून नेतात. वांग्याच्या जातीचं एक पिवळंधमक फळ आहे, बुडाशी पाच बोंडं आलेलं. त्याला 'पाच पिढ्या एका छपराखाली' म्हणतात. सासूबाईंना ते भारी आवडलं. मला विशेष नाही.

जाण्याची वेळ: पहिल्या रात्री फुलं सगळ्यांत ताजी आणि चालायला जागा. शेवटच्या रात्री, म्हणजे वर्षाच्या आदल्या रात्री, भाव कोसळतात, कारण उद्या या मालाला कुणी विचारणार नाही. पण त्या रात्री गर्दी अशी की पोलीस रस्ता एकेरी करतात. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. चुकामूक झालीच तर मागे वळता येत नाही, म्हणून सोबतच्या म्हाताऱ्या माणसांना बाहेर पडायच्या टोकाचं नाव आधीच चिनीत लिहून द्या.

नवीन वर्षाला पैसे घालून देतात त्या लाल पाकिटाबद्दल थोडं. कँटनीजमध्ये त्याला 'लाय-सी' म्हणतात. देणारा लग्न झालेला, घेणारा बिनलग्नाचा, असा इथला नियम. नवऱ्याच्या गोदामातले एक गृहस्थ चाळिशी उलटली तरी दरवर्षी आमच्याकडून हक्काने पाकीट घेतात आणि आईला सांगतात, "फायद्याचं आहे, म्हणून लग्न करत नाही." रक्कम मोठी नसते, आमच्या ग्वांगदोंग प्रांतात पाच-दहा युआनही चालतात, पण चारचा आकडा नको, तो मरणाच्या शब्दासारखा वाजतो. पाहुण्यावर सक्ती नाही. तरी हॉटेलातल्या झाडूपोछावाल्या बाईसाठी आणि पहारेकऱ्यासाठी दोन-चार पाकिटं खिशात ठेवा, कोऱ्या नोटांची. दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं, समोर उघडायचं नाही.

पहिल्या पौर्णिमेला कंदिलांचा सण. युएशिऊ पार्कात मोठमोठे कंदील लागतात. त्याच सुमारास जुन्या शहरात नगरदेवाच्या देवळाभोवती आठवडाभर जत्रा असते. ही २०११ पासूनची, म्हणजे तशी तरुण. खायला-बघायला मजा येते. पण खरी जुनी जत्रा बघायची तर अजून महिनाभर थांबा.

फणसवाल्याची जत्रा

दुसऱ्या महिन्याची अकरावी ते तेरावी, मुख्य दिवस तेरावी. ठिकाण शहराच्या पूर्वेला हुआंगपू भागात, दक्षिण समुद्राच्या देवाचं देऊळ. मेट्रोच्या १३ नंबर लाइनवर या देवळाच्याच नावाचं स्टेशन आहे, 'नानहाय शेनम्याव'. देऊळ इसवी सन ५९४ चं. इथून समुद्रात जाणारी जहाजं आधी या देवाला नमस्कार करून मग निघायची.

मला इथे ओढून नेते ती दारातली एक मूर्ती. काळसर चेहऱ्याचा परदेशी माणूस, कपाळावर आडवा हात धरून लांब बघणारा. गोष्ट अशी सांगतात की तांग राजवटीत बोलुओ नावाच्या देशातून, बऱ्याच जणांच्या मते आपल्याच बाजूने, दाशी नावाचा एक पाहुणा आला. परतीच्या वाटेवर त्याने देवळात फणसाची रोपं लावली आणि त्या नादात त्याचं जहाज निघून गेलं. तो काठावर उभा राहून समुद्राकडे बघत राहिला, तो शेवटपर्यंत. लोकांनी त्याला चिनी अंगरखा चढवून देव केला. फणसाला चिनीत 'बोलुओमी' म्हणतात, आणि बौद्ध ग्रंथांतल्या 'पारमिता' शब्दाचं चिनी रूपही हेच. देवळाला गावकरी बोलुओचंच देऊळ म्हणतात. देवरुखच्या बाईला याहून जास्त काय पाहिजे? मी दरवर्षी त्याच्यासमोर मिनिटभर उभी राहते. जहाज चुकलेल्या माणसाबद्दल इथे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच थोडं ममत्व आहे.

जत्रेतून आणायची वस्तू म्हणजे बोलुओचा कोंबडा. कागदाच्या थरांचा साचा, वर रंगवलेली खरी पिसं चिकटवलेली. समज असा की दरवर्षीच्या सगळ्या कोंबड्यांत एकच खरा आरवतो, आणि तो ज्याच्या घरी जाईल त्याचं भलं होतं. त्यामुळे म्हाताऱ्या बायका एकेक उचलून, कानाशी नेऊन, डोळ्यांत डोळे घालून निवडतात. माझ्या पुढच्या एका बाईंनी सतरा तरी परत ठेवले असतील. 'पहिलं बोलुओ बघावं, मग बायको करावी,' अशी इथली म्हण आहे. मी नवऱ्याला सांगितलं, तुझा क्रम चुकला.

सकाळी नऊच्या आत पोहोचा. आणि या दिवसांतल्या हवेची तयारी ठेवा. वसंतात दक्षिणेकडून दमट वारा सुटतो, फरशी आणि भिंतींना अक्षरशः पाणी सुटतं, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. कोकणातल्यांना आषाढाची सवय असते. पुण्याच्या मंडळींनी जादा मोजे आणावेत.

तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी पान्यू भागात शावान गावात मिरवणूक निघते. पौराणिक वेशातली लहान मुलं एका बारीक लोखंडी दांड्यावर माणसांच्या डोक्यांच्याही वर, जणू हवेत तरंगताहेत अशी उभी. एकीच्या हातातल्या पंख्याच्या टोकावर दुसरी उभी! दांडा कपड्यांत कसा लपवतात ते पहिल्या वर्षी मला कळलंच नाही. तिसऱ्या वर्षी कळलं, तरी मजा कमी झाली नाही.

चिखलातून निघणाऱ्या होड्या

ड्रॅगन बोटींची शर्यत म्हटलं की पाहुणे पर्ल नदीवरची मोठी स्पर्धा शोधतात. टीव्हीवर ती छान दिसते. काठावरून मात्र लांबून जाणारी काड्यापेटी दिसते. माझं ऐका आणि चेबेईला जा. हे पूर्वी खेडं होतं, आता भोवती शहर वाढलंय, पण खाडीसारखा अरुंद ओढा, त्याच्या काठची कुलदैवतांची घरं आणि होड्या तशाच आहेत. मेट्रोचं स्टेशनही चेबेईच.

या होड्या वर्षभर कुठे ठेवतात माहितीये? चिखलात. बोर्निओतून येणारं लोखंडासारखं जड लाकूड असतं, उघड्यावर वाळलं तर तडकतं, म्हणून ओढ्याच्या तळाशी गाळात पुरून ठेवतात. चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवसापासून त्या उकरून काढायला सुरुवात होते. एकदा सकाळी मी ते पाहिलं. कमरेपर्यंत पाण्यात उतरलेले पंचवीस-तीस पुरुष, हातांनी आणि बादल्यांनी गाळ उपसताहेत, मधूनच कुणी पायाने चाचपून सांगतंय, इथे कड लागली. मग सगळे मिळून होडी डोलवतात, चिखलाचा तो चोखल्यासारखा आवाज होतो, आणि काळी, लांबलचक पाठ वर येते. ते बघताना आमच्याकडचा गणपती पाण्यातून उलटा परत आल्यासारखं वाटलं. शर्यतीपेक्षा मला हेच जास्त आवडतं, आणि याला तिकीट नाही.

पाचव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावं एकमेकांकडे होड्या घेऊन जातात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, चेबेईचा मान तिसऱ्या दिवसाचा. ही शर्यत नसते, भेट असते. काही गावांचं आपसात 'लोउ-बिउ' म्हणजे मामे-आते भावंडांचं नातं, पिढ्यान् पिढ्यांचं. पाहुण्यांची होडी ओढ्यात शिरली की ढोल, झांजा, धूर. वल्ही पाण्यावर मुद्दाम अशी आपटतात की काठावरचे चिंब व्हावेत. पुलावर उभं राहायचं असेल तर सकाळी लवकर जागा धरा, काठावर उभं राहायचं असेल तर मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पाऊस तर येणारच. या दिवसांतल्या मुसळधार पावसाला इथे 'ड्रॅगन बोटींचं पाणी' असंच नाव आहे. छत्री नको, मागच्याला दिसत नाही, रेनकोट आणा.

दुपारी पंगती बसतात. काही गावांत बाहेरच्यांनाही पैसे भरून बसता येतं. शाकाहारी माणसाने त्या फंदात पडू नये. त्याऐवजी रस्त्यावर झोंगझी घ्या, बांबूच्या पानात बांधून उकडलेला चिकट भात. बहुतेकांत डुकराचं मांस असतं, पण एक पिवळसर, अर्धपारदर्शक प्रकार मिळतो, 'गान-सोय-झोंग'. आपल्या पापडखारासारख्या खाराच्या पाण्यातला, नुसताच किंवा पोटात लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण, साखरेत बुडवून खायचा. पान सोडताना जो वास येतो तो हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा सख्खा नाही, पण चुलतभाऊ नक्की.

उरलेलं वर्ष

सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी मुली-बायकांचा सण. तिएनहे भागातल्या झूचुन गावात बायका महिनोन् महिने खपून केलेल्या इवल्याशा वस्तू टेबलांवर मांडतात: नखाएवढे बूट, तीळ एकेक चिकटवून केलेली फुलं, वाटीत उगवलेली भाताची हिरवी रोपं. भोंडल्याला जाणाऱ्या कुठल्याही बाईला तिथे दोन तास कमी पडतात. पुढच्याच आठवड्यात रात्री फुटपाथवर कागद जळताना दिसतील. ते पितरांसाठी असतात. राखेवर पाय देऊ नका, वळसा घालून जा.

मूनकेक घेताना जपून. कमळाच्या बियांच्या सारणात बदकाच्या अंड्याचा खारवलेला बलक असतो, आणि पाच प्रकारच्या सुक्यामेव्याचा म्हणून जो सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो, त्यात अनेकदा हॅम असतं! माझ्या चुलतसासूबाईंनी अर्धा संपवल्यावर मला हे कळलं. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. साधं कमळाचं सारण मागा. मुलांना कंदील घेऊन द्या आणि संध्याकाळी कुठल्याही बागेत जाऊन बसा.

नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी बाययून डोंगर चढायचा आणि कागदी भिरभिरं घेऊन उतरायचं, नशीब फिरावं म्हणून. गुडघे बरे असतील तर.

येण्याआधी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच. व्हिसाशिवाय काही दिवस थांबू देणाऱ्या ट्रान्झिट सवलतीच्या बातम्या येतात, त्यात आपला देश नाही. कोलकाता आणि दिल्लीहून थेट विमानं २०२५ च्या शेवटी पुन्हा सुरू झाली. हाँगकाँगमार्गे येणार असाल तर तिथली आगाऊ ऑनलाइन नोंदणी वेगळी करावी लागते, पुढे रेल्वेने तासाभरात ग्वांगझो. अलीपे हे पैसे भरायचं चिनी अ‍ॅप डाउनलोड करून कार्ड जोडा, मेट्रोचा कोडही त्यातच मिळतो. गूगल मॅप्सवर विसंबू नका. सणाच्या आधी रेल्वेचं आरक्षण पंधरा दिवस अगोदर उघडतं आणि मिनिटांत संपतं, आपल्या गणपतीच्या कोकणगाड्यांसारखं. तेव्हा नवीन वर्षाला याल तर या शहरातच राहा, दुसरीकडे जायचे बेत आखू नका.

खाण्याचं: 'न्गो सिक जाय', मी शाकाहारी खाते, हे वाक्य पाठ करा. चंद्राच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथली कितीतरी माणसं मांस सोडतात, देवळांजवळची शाकाहारी हॉटेलं त्या दिवशी भरलेली असतात. तुमच्या चतुर्थी-एकादशीचं त्यांना समजावून सांगावं लागत नाही. जुन्या चहाघरात सकाळी आठच्या आत जा. कुणी चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करायची, तेच धन्यवाद. किटलीत पाणी हवं असेल तर झाकण तिरकं ठेवून द्या, हाक मारायची गरज नाही. सासरे पहिल्या भेटीत वेटरला हाका मारून दमले होते. दुसऱ्या भेटीत, २०१८ ला, ते फुलांच्या बाजाराच्या आदल्या दिवशी उतरले आणि सगळ्यांच्या आधी झाकण तिरकं करून ऐटीत बसले.

बोलुओचा कोंबडा न्यायचा असेल तर बुटांच्या खोक्यात, बाजूने टॉवेल कोंबून. मी निवडलेला एक देवरुखला आईच्या शोकेसमध्ये आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी विचारते. आई म्हणते, "अजून तरी नाही. शेजाऱ्यांचा मात्र पहाटे चारलाच सुरू होतो."